बिनआवाजाची एकोणीस मिनिटं

"दिवा मागाहून घ्या, आधी माइक घ्या," दुकानदार म्हणाला. हे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. लग्नाचं शूटिंग करणारा असो की मांजरांचे फोटो काढणारी, कॅमेऱ्याचं सामान घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात तो सगळ्यात आधी माइक मारायचा.

समोर उभ्या असलेल्या शिक्षिका बाईंनी मान हलवली. "माइक नकोच. एक दिवा द्या, एक स्टँड द्या, आणि दोन्ही स्वस्तातलं द्या."

"मॅडम, चित्र थोडं काळपट आलं तर लोक चालवून घेतात. आवाज गेला की सगळं गेलं."

"माझी मुलं ऐकत नाहीत हो काका."

"कुणाची ऐकतात?" तो हसला.

"त्यांना ऐकूच येत नाही."

दुकानदार ओशाळला. मग बाईंनी नीट सांगितलं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्या ओठ वाचायला शिकवत. मुलांना घरी सराव करता यावा म्हणून धड्यांचे व्हिडिओ करायचे होते. ओठांवर सावली पडली तर सगळी मेहनत पाण्यात.

मग मात्र तो मन लावून कामाला लागला. महागडा गोल दिवा त्यानं स्वतःच बाजूला सारला. तुमच्या चष्म्यात त्याचं कडं दिसेल, म्हणाला. वहीएवढा चपटा दिवा काढला. दुसरा दिवा घेऊ नका, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. स्टँड साधाच न्या, पिशवीत वीट घालून मधल्या हुकाला टांगा, जागचा हलणार नाही. स्वतःच्याच धंद्यावर असा उठलेला दुकानदार बाईंनी पाहिला नव्हता.

दिवा खोक्यात भरता भरता त्याचे हात थांबले.

"म्हणजे... आवाज नसला तरी तुम्हाला कळतं? कोण काय बोलतंय ते?"

"तोंड नीट दिसलं तर बरंचसं कळतं."

काउंटरवरच्या ज्या कॉम्प्युटरवर तो गिऱ्हाइकांची मेमरी कार्डं तपासायचा, तो त्यानं बाईंकडे वळवला. फाइल शोधावी लागली नाही.

पडद्यावर खिडकीपाशी, उशांना टेकून एक स्त्री बसली होती. गालफडं पार बसलेली, पण केस चापूनचोपून विंचरलेले. गळ्याशी माइक टाचलेला, मांडीवर त्याची डबी.

"माझी बायको. अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "तिला मला काहीतरी सांगायचं होतं. पण समोर बोलवेना. म्हणाली, कॅमेरा लावा आणि तुम्ही खाली जा. मी सगळं जोडून दिलं. बजावलं, डबीवर हिरवा दिवा असतो, तो दिसला की बिनधास्त बोल. आणि खाली जाऊन बसलो. वर आलो तर झोप लागली होती तिला. त्या झोपेतून ती उठलीच नाही."

त्यानं पडद्याकडे बोट केलं.

"डबीचं बटण मी चालूच केलं नव्हतं. माइक जोडला की कॅमेरा आपले कान बंद करून घेतो. एकोणीस मिनिटं आहेत मॅडम. आवाज नाही. चित्र मात्र इतकं सुरेख आलंय..."

पडद्यावर तिनं गळ्याजवळ दोन बोटं टेकवली. काहीतरी बोलली.

"हे बघा, इथे! इथे ती म्हणते, मी इथेच आहे. तुमच्यापाशी आहे. एवढं एक मी ओठांवरून लावलंय. त्याच्यावरच दिवस काढतो. पुढचं काही उमगत नाही. तेवढं सांगा."

बाईंनी पाहिलं. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. ओठ लख्ख दिसत होते, चुकायला जागाच नव्हती. हो म्हणावं आणि दिवा उचलून बाहेर पडावं, असं त्यांना फार फार वाटलं. पण वर्गात त्या रोज मुलांना दटावत, दिसेल तेच वाचायचं, मनातलं नाही.

"काका, त्या तसं नाही म्हणत आहेत."

"मग?"

बाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. वर्गात सांगत तशाच त्या एकेक वाक्य सांगत गेल्या.

"अहो, याचा दिवा लागला नाहीये." मग थोडं थांबून, "अहो. ऐकताय का?" मग, "वर या ना जरा." आणि शेवटी, "बरं. तुम्ही आलात की बोलते."

पडद्यावरची स्त्री उशीला टेकली. तिनं मान दाराकडे वळवली.

"आणि पुढे?" त्यानं विचारलं.

"पुढे त्या बोलत नाहीत."

"अजून सतरा मिनिटं आहेत."

"वाट बघताहेत," बाई म्हणाल्या.

दुकानदारानं कपाटाची काच सरकवली, एक माइक काढला आणि त्याच्या डबीचं बटण वर केलं. हिरवा दिवा लागला. ती डबी त्यानं पडद्यासमोर, तिला दिसेल अशी धरली.

"आलो गं," तो म्हणाला. "बोल."