मिश्रीची पहिली चिमूट

"यंत्राला तलफेचं मूळ सापडलंय, शेवंताताई," बर्लिनमधल्या स्थलांतरितांच्या दवाखान्यात डॉक्टर रेगे म्हणाल्या. "पण तलफ पुसली की तिला चिकटलेली आठवणही जाईल."

पडद्यावर त्या आठवणीत शेवंताची आई चुलीपुढं तंबाखूची मिश्री भाजत होती. हसत हसत तिनं लहानग्या शेवंताच्या बोटावर पहिली चिमूट ठेवली. आई त्याच वर्षी गेली. तिचा चेहरा शेवंताला या एकाच प्रसंगातला आठवत होता.

आता शेवंताच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. मिश्री सोडणं भागच होतं.

शेवंतानं कपाळावरची यंत्राची पट्टी ओढून काढली.

"बंद करा हे. तलफेशी माझी मी झगडीन. रोज सकाळी तुमच्यापुढं येऊन बसते."

"फार जड जाईल."

"जाऊ दे." तिनं मिश्रीची डबी टेबलावर आपटली. "ही घ्या. आईला हात लावायचा नाही."