कोंबडीखाली नदी

कोंबडीखाली सहा अंडी होती आणि एक नदी.

नदी म्हणजे बोटभर बाटलीत मावेल एवढी. बाकीची जूनमध्येच आटली होती. दक्षिणेकडच्या या बेटावर ऑगस्ट म्हणजे थंडीचा, बिनपावसाचा महिना; आता पात्रात गोटे होते, वाळू होती आणि सालोटेआजींनी त्या वाळूत खणलेला एक झिरा होता. त्याचंच पाणी बाटलीत भरलेलं, आत तपासणीच्या कागदाची एक पट्टी. तीन दिवस उबेत ठेवायचं. काळं पडलं तर पाणी खराब, झिरा बंद. नाही पडलं तर आजींची लेक वासिती पाच आठवड्यांचं बाळ घेऊन शुक्रवारच्या बसने माहेरी.

डोंगरात रात्री गारठा आणि दवाखान्याची गरम पेटी बिघडलेली. सोमवारी लितिया नर्सला आजींच्या स्वयंपाकघरात खुडूक बसलेली कोंबडी दिसली. तिने फॉर्मवर 'यंत्राचा प्रकार' या रकान्यात लिहिलं: तांबडी, मानेवर पिसं नाहीत.

गुरुवारी सकाळी ती परत आली तेव्हा निम्मं गाव दाराशी उभं होतं. तिच्या काखेत शहरातल्या नळाच्या पाण्याची बाटली होती.

"आलीस? आणि पाणी घरून घेऊन आलीस?" आजी म्हणाल्या.

"तुमच्यात पाणी प्यायचं म्हणजे आधी मृत्युपत्र करायला हवं, म्हातारे."

"तुमच्यात तर बेडूकसुद्धा पाणी उकळून पितात म्हणे."

कुणाला काही वाटलं नाही. लितियाचं गाव आणि हे गाव एकमेकांचे तऊवू, म्हणजे दोन्ही गावांचे मूळ देव भाऊभाऊ. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, एकमेकांचं वाटेल ते उचलून न्यायचं, आणि रागवायचं नाही.

"हळू बोला," गावप्रमुख वाइसेआ कुजबुजला. "तिला त्रास होतो."

तो कोंबडीबद्दल बोलत होता. तीन दिवस त्याने चर्चचा लाकडी ढोल फडकं गुंडाळून वाजवायला लावला होता. एका कुत्र्याला शेजारच्या गावी पाहुणा म्हणून पाठवलं होतं.

गेल्या वर्षी बाटली दुसऱ्याच दिवशी काळी पडली होती. तेव्हा सगळं गाव आजींच्या डुकरांकडे बघत राहिलं. आजींनी डुकरं टेकडीपलीकडे नेली, जुना झिरा बुजवला, यंदा वरच्या अंगाला नवा खणला आणि भोवती बांबूचं कुंपण घातलं. आत कुणी पाऊल टाकायचं नाही. करवंटीला लांब दांडा लावून बाहेरूनच पाणी काढायचं.

लितियाने कोंबडीखाली हात घातला. कोंबडीने तो टोचून फोडला.

"सरक," आजी म्हणाल्या आणि स्वतः हात घातला. अंडं आलं. परत घातला. परत अंडं. मागून कुणीतरी म्हणालं, "गिळली वाटतं." वाइसेआने त्याच्याकडे असं पाहिलं की तो अंगणात जाऊन उभा राहिला.

तिसऱ्यांदा बाटली आली. आजींनी ती न बघताच लितियाकडे दिली आणि डोळे मिटून घेतले.

लितियाने बाटली दारातल्या उजेडात धरली. हलवली. उलटी केली. परत धरली.

"म्हातारे."

"बोल."

"कोंबडीने बाटली बदलली तर नाही ना? यात तर काहीच नाही. स्वच्छ आहे."

तीन दिवस सगळ्यांना गप्प बसवणारा वाइसेआ अशी आरोळी ठोकून उठला की कोंबडी थेट आढ्यावर जाऊन बसली.

आजी मात्र खाली चटईवर बसल्या. मग झग्याच्या खिशातून फोन काढला.

"वासिती? ये. बाळाला जाड काहीतरी गुंडाळ, इथे गारठा आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"अगं, पाणी आहे म्हणूनच ये म्हणते ना!"

लितियाने फॉर्मवर सही केली आणि घडी घालून ठेवला. "मी तऊवू आहे. रिकाम्या हाताने जाणार नाही."

सगळ्यांनी आढ्याकडे पाहिलं.

"हिला सोडून काहीही ने," आजी म्हणाल्या.

लितियाने आपल्या बाटलीतलं शहरातलं पाणी कोंबडीच्या वाटीत ओतलं आणि रिकामी बाटली घेऊन ती उतारावरून नदीत गेली. गोट्यांवरून चालत कुंपणाशी पोचली. दांड्याची करवंटी आत सोडली, बाटली भरली, उभ्याउभ्याच अर्धी प्यायली आणि पुन्हा भरली.

"चोर!" आजी दारातून ओरडल्या. त्यांचा आवाज कोरड्या नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन परत आला. "अगं ए चोरटे, झाकण घट्ट लाव! सांडशील!"