घर सोडून सगळं

"भैया, ते सगळं छान आहे. आता जरा घर दाखवा."

क्षमाने हे तिसऱ्यांदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा मोबाइलच्या पडद्यावर समुद्रच आला. पलीकडे श्रीकृष्ण फोन हातात धरून भराभर चालत होता. हा किनारा, ताई, सगळा साफ केला. हे दीपगृह, परवाच खुलं झालं. ती बघा डॉल्फिन दाखवायची होडी, नवा रंग दिलाय. आणि ह्या पाहुण्यांच्या सहा खोल्या. कोकणातल्या त्या गावाला वादळाने झोडपून दोन महिने झाले होते आणि ह्या माणसाच्या तोंडी तक्रारीचा एक शब्द नव्हता. क्षमाला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती.

"घर, भैया. तुम्ही राहता ते. जिथे आमचा स्वयंपाक होतो ते."

"दाखवतो की," तो म्हणाला आणि पडदा काळा झाला. रेंज गेली. कालही बरोबर इथेच गेली होती.

लक्ष्मी तालाच्या काठी, महालक्ष्मीच्या देवळात चोवीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसली होती. झाशीतली जुनी मराठी घरं ही. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, कुलदेवी मात्र तिकडे समुद्राकाठी राहिली. म्हणून दर मार्गशीर्षात क्षमा मंडळींना घेऊन जायची. आधी देवीची ओटी, मग दीपगृह, मग होडी. मुक्काम श्रीकृष्णकडे. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. समुद्र त्यांनी वर्षातून चार दिवस पाहिलेला, तोही शहाण्यासारखा वागत असताना.

"अगं, आंधीच तर आली होती," नानासाहेब म्हणाले. ते वयाने सगळ्यांत मोठे, त्यामुळे घाईही त्यांनाच. "आपल्याकडे मे महिन्यात येत नाही का? टीन उडतो. झाडू मारायचा, नवा टीन टाकायचा, हो गया काम! तू हो सांगून टाक बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. झाशीच्या माणसाला वादळ म्हटलं की आंधीच दिसते. ती येते, तासभर डोळ्यांत धूळ घालते आणि निघून जाते. क्षमालाही आधी तसंच वाटलं होतं. मग बातम्यांत तिने नारळाच्या बागाच्या बागा जमिनीवर आडव्या झालेल्या पाहिल्या. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

आज हो म्हटलं की तिकिटं निघणार होती. तीन वर्षांपूर्वी एका वेगळ्या सहलीत दुसऱ्या गावच्या लॉजमालकाने फोनवर असंच "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला. तिथे छत गळत होतं आणि ओल्या फरशीवरून मंडळींतले गोविंदराव घसरले. ते अजून अंथरुणातच आहेत. त्यांच्या घरावरून जाताना क्षमा आजही पदराशी चाळा करत पलीकडे बघते. पुन्हा तसं काही झालं तर तिला ते सोसलं नसतं. म्हणून तिने मनाशी ठरवलं, नाहीच म्हणायचं. पण श्रीकृष्णला तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना. ती उठून पायऱ्यांपाशी गेली आणि तिने त्याच्या बायकोला फोन लावला.

"स्वाती, खरं सांग. त्या खोल्यांवर छप्पर आहे का? की तुझा नवरा नुसत्या भिंतीच दाखवतोय मला?"

"अहो ताई, छप्पर आहे! थेंबभर गळायचं नाही."

"मग घर का दाखवत नाही तो?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"मी सांगितलं असं म्हणू नका त्यांना," स्वाती हळू आवाजात म्हणाली. "कौलं मिळत नाहीत, ताई. पत्रेसुद्धा नाहीत. सगळाच किनारा उघडा पडलाय, पुरणार कुणाकुणाला? मग ह्यांनी घरावरची जेवढी वाचली होती तेवढी कौलं उतरवली आणि पाहुण्यांच्या खोल्यांवर चढवली. घरावर आता नुसते वासे आहेत. ते बघितलं तर कोण येईल, म्हणतात. दोन महिन्यांत एक पाहुणा नाही. तुम्हीही नाही आलात तर हे सगळं विकून मुंबईला जायचं म्हणतायत."

"आणि तुम्ही निजता कुठे?"

"सध्या त्याच खोल्यांत. सासूबाई, आम्ही, दिराचं बिऱ्हाड. तुम्ही आलात की अंगणात मांडव घालू. चार दिवसांचा तर प्रश्न."

क्षमाला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आठवडाभर त्या माणसाला मनातल्या मनात लबाड ठरवलं होतं. तिने मागे वळून पाहिलं. देवळात नानासाहेब कुणालातरी होडीत कुठे बसायचं ते समजावत होते. चोवीस माणसं. एकाला पंखा चालत नाही, दुसऱ्याला पंख्याशिवाय चालत नाही, आणि शेजाऱ्याचं घोरणं तर कुणालाच खपत नाही. ह्या सगळ्यांशी आता तिलाच भांडावं लागणार होतं.

"येतोय आम्ही," ती म्हणाली. "जेवायला चोवीस पानं मांड. खोल्या मात्र सहांतल्या चारच उघड. आम्हां झाशीच्या मंडळींना एका खोलीत सहा जण असल्याशिवाय झोपच लागत नाही."