भणेश्री

आकांक्षा पुस्तक घेऊन आली आणि नेमकी विमलताईंच्या समोर बसली. घरात तीन खोल्या, वर गच्ची; पण हिला घोकायला जागा हवी ती सासूच्या नाकासमोरच! वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक तिने उघडलं आणि ओठ हलायला लागले.

"झाली सुरू आमची भणेश्री," विमलताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

बडोद्यात घासू पोरांना भणेश्री म्हणतात. शाळेत असताना विमलताईंनी हा शब्द कितीतरी जणींना चिकटवला होता. सुनेला चिकटवायची वेळ येईल असं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुलगी बँकेच्या परीक्षेला बसणार आहे, हे पादरा गावच्या व्याह्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. बसू दे की! विमलताईंना शिक्षणाचं वावडं नव्हतं. त्या स्वतः वाचनालयाची कपाटं रिकामी करणाऱ्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून दोन ओळी वाचल्या की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून पुस्तकं सुटली, एवढंच. पण परीक्षा आहे म्हणून काय तोंडात मिठाची गुळणी धरायची? दिवसभर सासूशी एक धड शब्द नाही. काही विचारलं तर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि आत निघून जायचं.

त्यात भर म्हणजे हसायची. वाचता वाचता मध्येच वर बघून हसायची आणि सासूचा चेहरा निरखत राहायची. विमलताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. टीव्ही लावून मन रमवावं, तर केबल घेतल्यापासून त्याचाही आवाज धड येईना. केबलवाला दोनदा येऊन गेला आणि सेट ठीक आहे म्हणाला. मेल्यांना काम नको, दुसरं काय?

परवा तर कहरच झाला. कुकरची एक शिट्टी झाली नव्हती, तरी आकांक्षा धावत आली आणि तिने गॅस बंद केला. विमलताईंनी तिच्यादेखत तो पुन्हा पेटवला. भात करपला. "पुस्तकातून डोकं बाहेर काढलं असतं, तर भात कसा करतात ते कळलं असतं," असं त्यांनी तिला तिथल्या तिथे सुनावलं.

घरचं घरात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण वरच्या मजल्यावर जिजाबाई राहत होत्या. रावपुऱ्यात बोलल्या तर मांडवीत ऐकू जावं असा त्यांचा आवाज. जिन्यात गाठ पडली आणि म्हणाल्या, "विमलताई, नशीब काढलंत हो! अशी सून शोधून मिळायची नाही."

विमलताई शरमेने अर्ध्या झाल्या. टोमणाच तो! आता इमारतीतल्या सगळ्यांना कळलं म्हणायचं, की सून आपल्याला विचारत नाही. त्या मान खाली घालून घरात शिरल्या.

रविवारी पीयूष बोलला. रिफायनरीत यंत्रांच्या घरघरीत ओरडून ओरडून त्याचा आवाज घरातही चढलेलाच असे.

"आई, कंपनीचं क्वार्टर मिळतंय. आम्ही दोघं तिकडे जावं म्हणतो."

"का रे?"

"तू तिच्याशी बोलत नाहीस. ती रडते गं रोज."

"मी बोलत नाही? मी? तीच त्या पुस्तकात तोंड खुपसून बसते!"

"मला महिनाअखेर कळवायचंय," एवढंच म्हणून तो उठला.

पीयूषचे वडील गेल्यापासून त्यांना या एका मुलाशिवाय कोण होतं? लोक काय म्हणतील ही लाज वेगळी आणि रिकाम्या घराची धास्ती वेगळी. हिची भीड एकदा मोडायलाच हवी, त्यांनी ठरवलं. चारचौघींत तोंड उघडलं की घरातही उघडेल, मग कशाला हवंय ते क्वार्टर?

चैत्रातलं हळदीकुंकू आलंच होतं. बायका जमल्या. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. शेजारी खेटून बसलेल्या अहल्याबाईंनी विचारलं, "सूनबाई कुठंय?"

"तिला कुठली फुरसत! भणेश्री आहे ना आमची," विमलताई म्हणाल्या. बायका हसल्या. पन्ह्याचे पेले घेऊन आलेली आकांक्षा दारातच थबकली. तिचे कान लालबुंद झाले.

"जा, आण तुझं पुस्तक. इथे बस आणि मोठ्याने वाच. कळू दे आम्हालाही काय घोकतेस ते."

आकांक्षाने पुस्तक आणलं. सवयीने विमलताईंच्या समोरच बसली, खूण घातलेलं पान काढलं आणि ओठ हलायला लागले.

विमलताईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पुन्हा तेच! घरी आलेल्या बायकांसमोरसुद्धा मनातल्या मनात! अहल्याबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मध्येच सगळ्या बायका एकदम हसल्या, कशाला कोण जाणे. आपल्यालाच हसत असणार.

"मोठ्याने म्हटलं ना!" विमलताई कडाडल्या.

आकांक्षाने दचकून वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले. ओठ अजून मोठे हलले.

"अगं मोठ्याने! माझी लाज काढायचंच ठरवलंयस का तू?"

आता आकांक्षाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्याजणी विमलताईंकडे बघत होत्या. जिजाबाई उठल्या, जवळ येऊन बसल्या आणि त्यांनी विमलताईंच्या कानाला तोंड लावलं.

"विमलताई, ती मोठ्यानेच वाचतेय हो. रोज दुपारी तुम्हाला गोष्टी वाचून दाखवते ना, मी वरच्या गॅलरीत बसून तुमच्याबरोबर ऐकते."