शिंत्रेकाकांची संगत

त्या वर्षी सिडनीत शिकायला आलेल्या पोरांची अशी झुंबड होती की क्वेकर्स हिल उपनगरातल्या दोन खोल्यांत पाचजणी दाटीवाटीने राहायच्या. नुपूर त्यांतलीच एक. सकाळी कॅफेतली शिफ्ट, दुपारी युनिव्हर्सिटी. इतिहासाच्या असाइनमेंटला तिने विषयही तसलाच घेतला होता: कॉफी आणि तंबाखू युरोपात नवी नवी आली तेव्हाचा समाज. ‘तलफ हे निमित्त, माणसं जमायची ती एकमेकांसाठी,’ असं तिने शेवटी लिहिलं. त्या वाक्यावर सर बेहद्द खूश झाले.

दर रविवारी पुण्याला फोन लावला की मात्र ती बाबांना फैलावर घ्यायची. कारण बाबा रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून समोरच्या शिंत्रेकाकांबरोबर तंबाखू मळायचे.

"आधी त्या काकांची संगत सोड, बाबा! तंबाखू आपोआप सुटेल."

या रविवारी तिने तोंड उघडायच्या आतच बाबा म्हणाले, "सोडली गं तंबाखू. महिना झाला."

"फायनली!" नुपूर किंचाळलीच. "ऐकलंस ना शेवटी माझं? पण जमलं कसं तुला?"

पलीकडे बाबांनी पंखा बंद केला.



"तू म्हणायचीस तसंच झालं, बाळा. शिंत्रे गेला. तुझी परीक्षा होती, म्हणून बोललो नाही. आता एकट्यापुरती मळवत नाही गं."