बॉनेटची फट

"अजून वाकडंच आहे. खोल परत," भालचंद्र म्हणाला.

काशिनाथने बॉनेट उचललं. बिजागरीचे बोल्ट सैल केले, एक वॉशर बदलला, पत्रा केसभर मागे सरकवला आणि अलगद खाली टेकवला. भोपाळच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात सकाळपासून हेच चाललं होतं. आधीचे कितीतरी रविवारही यातच गेले होते.

गाडी भालचंद्रच्या वडिलांची, जुनी फियाट. त्यांची नागपूरची कचेरी भोपाळला हलली तेव्हा ते घरच्यांना तिच्यातूनच घेऊन आले होते. त्यांच्यामागे ती पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडली. निवृत्ती जवळ आली तसं भालचंद्रने तिला हात घातला. कारखान्यातला जुना जोडीदार म्हणून काशिनाथही आपणहून मदतीला आला. इंजिन सुरू झालं, दारं बसली. रंगाला द्यायच्या आधी बॉनेट तेवढं जुळवायचं राहिलं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं.

भालचंद्र गुडघ्यांवर बसला. नेहमीसारखा डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने त्याने बॉनेट आणि मडगार्डमधल्या फटीवर नजर लावली. कारखान्यात यंत्राचा जोड सरळ आहे की नाही हे तो नुसत्या नजरेने सांगायचा आणि लोक ते मानायचे.

"मध्ये पोक आलाय."

"कुठे? मी पट्टी घालून बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी सरकते."

"पट्टीचं मला सांगू नकोस. मला दिसतंय ना." भालचंद्रचा आवाज चढला. "तुझं लक्षच नाही कामात. उरकून घरी पळायचंय तुला."

काशिनाथने पाना खाली ठेवला. हात पुसले.

"भालू, मी इथे मित्र म्हणून येतो. तुझ्या हाताखालचा माणूस म्हणून नाही."

त्याने स्कूटर काढली आणि तो निघून गेला. भालचंद्रने त्याला थांबवलं नाही.

त्याची बायको सिंधू दोन कप चहा घेऊन बाहेर आली.

"काशिनाथ भावजी गेले?"

"जाऊ दे. नजर नाही त्याला."

तिने वाकून फट पाहिली. "मला तर सरळ दिसतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

ती कप ठेवून पायरीवर बसली. भालचंद्रने हातोडी उचलली. पोक दिसत होता तिथे त्याने एक घाव घातला. मग आणखी एक, जरा जोरात. वाकून पाहिलं. पोक होता तसाच होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसरा घाव त्याने रागातच घातला.

कपाळावरचा घाम उजव्या डोळ्यात उतरला. डोळा चुरचुरला, म्हणून त्याने तो मिटून घेतला आणि डाव्या डोळ्याने फटीकडे पाहिलं.

फट सुतात होती. टोकापासून टोकापर्यंत. फक्त जिथे त्याने आत्ता घाव घातले होते, तिथेच पत्रा खचला होता.

त्याने उजवा डोळा नीट पुसला. डावा हाताने झाकला. पोक परत आला. मान वर करून त्याने समोरच्या क्वार्टरकडे पाहिलं. दाराची चौकट मध्ये वाकली होती. गच्चीची कड वाकली होती. विजेचा खांबही.

हातोडी त्याने जमिनीवर ठेवली. हात डोळ्यावरून काढायला त्याला बराच वेळ लागला.

"काय झालं हो?" सिंधू उठून जवळ आली.

"काशिनाथला बोलावून आण," तो म्हणाला. "म्हणावं, बॉनेट त्याने केव्हाच बरोबर बसवलं होतं."