चौदा जागी एकच नाव

"मॅडम, माझं नाव चौदा जागी आलं पाह्यजे," भुजंगराव म्हणाले.

तीर्थपुरीच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पन्नाशी ओलांडलेले ते एकटेच. दहा वर्षं गावचे सरपंच. गावाची वेबसाइट आपल्याच हातानं करायची, हा त्यांचा हट्ट. तृप्ती मॅडमनं त्यांना जावास्क्रिप्टमधलं व्हेरिएबल शिकवलं.

"काका, हा एक डबा समजा. डब्याचं नाव 'सरपंच'. आत तुमचं नाव एकदाच टाकायचं. पानावर जिथं जिथं डबा लिहाल, तिथं आतलं नाव उमटेल."

भुजंगराव खूश झाले. पाण्याची टाकी कुणी बांधली? डबा यांनी. शाळेला खोली कुणी आणली? डबा यांनी. टाकीचं साल काही आठवेना, तेव्हा त्यांनी घरी फोन लावला. बायकोनं, केशरबाईंनी, तारखेसकट सांगितलं, वर ठेकेदाराचं नावही.

"बायकायला असलंच ध्यानात राह्यतं," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. भुजंगरावांनी बायकोचा अर्ज भरला आणि ती बिनविरोध निवडून आली.

"सही तुझी, कारभार माझा," त्यांनी बजावलं.

"बरं," केशरबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी भुजंगरावांनी क्लासमध्ये जाऊन डब्यात 'केशरबाई' टाकलं आणि पान न बघताच लिंक गावाच्या ग्रुपवर सोडली.

घरी येऊन पान उघडलं, तर घामच फुटला. बदलायची होती फक्त वरची सरपंचाच्या नावाची पाटी, बदललं होतं चौदाही जागी. टाकी केशरबाई यांनी बांधली. खोली केशरबाई यांनी आणली. जालन्याला बारा चकरा मारून रस्ता मंजूर करवला, तोही केशरबाई यांनी! व्याकरणसुद्धा कुठं अडलं नव्हतं.

त्यांनी मॅडमला फोन लावला.

"काका, डबा एकच आहे ना. तुमच्यासाठी दुसरा करावा लागेल. उद्या या."

"उद्या? तवर गाव हसून हसून मरंल!"

ते तसेच चौकातल्या सलूनकडं धावले. बाकड्यावर म्हातारे कारभारीआप्पा मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून मोठ्यानं वाचत होते. भोवती सात-आठ जण गुमान ऐकत होते.

"आप्पा, चुकी झाली," भुजंगराव धापा टाकत म्हणाले. "मशिनीनं नाव बदललं. उद्या बराबर करून टाकतो."

आप्पांनी मोबाईल मांडीवर ठेवला.

"हात लावू नको, भुजंगा. आता कुठं बराबर झालंय. तुझं नाव व्हतं, तवाच गाव हसून राह्यलं व्हतं."